एकोणदहा पायांचा खेकडा

प्रति,
आमच्या शाळेची माहिती मागवणारे सर्व साहेब आणि मॅडम
(केंद्रापासून मंत्रालयापर्यंत, ज्यांना ज्यांना 'आज सायंकाळी पाचपर्यंत' काहीतरी हवं असतं ते सगळे)

विषय : मंगळवारच्या एका दिवसाची माहिती सादर करणेबाबत.

संदर्भ : व्हॉट्सअॅप ग्रुपवरील आपले संदेश – 'तात्काळ', 'अति तात्काळ' आणि 'फक्त आपलीच शाळा बाकी आहे'.

महोदय / महोदया,

हे पत्र खरं तर योग्य मार्गानं यायला हवं होतं. आधी केंद्रप्रमुख, मग विस्तार अधिकारी, मग गटशिक्षणाधिकारी. पण योग्य मार्गावर पावसाळ्यात दरड पडलेली असते, हे घाटाकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून सगळ्यांना दिसेल असं उघडच लिहिते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. गावाचं नाव लिहीत नाही. मुलांचीही नावं लिहीत नाही. ती तुमच्या पोर्टलवर आधार क्रमांकासकट आहेतच, आणि त्यातल्या दोघांची स्पेलिंगं चुकलेली आहेत ती वेगळीच गोष्ट. पहिलीत चार, दुसरीत सहा, तिसरीत चार, चौथीत पाच, एकूण पट 19. खोल्या दोन आहेत, पण एक गळते. त्यामुळे जून ते ऑक्टोबर चारही इयत्ता एका खोलीत बसतात. द्विशिक्षकी हा शब्दसुद्धा कागदावरचाच समजा. जोडीचे सर बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे, आहेत, आणि त्या आठवड्यात ते मतदार यादी घेऊन वाड्या-वस्त्या फिरत होते. चार इयत्ता, एक फळा, एक बाई, असा तो मंगळवार.

तुम्ही माझ्याकडून रोज काही ना काही माहिती घेता. किती हजर, किती जेवले, किती तांदूळ शिजला, किती झाडं लावली, किती जगली. आज काय शिकवलं आणि कोण काय शिकलं, हे माझ्या 17 वर्षांच्या नोकरीत कोणत्याही लिंकनं मला विचारलेलं नाही. म्हणून तो एक रकाना मी स्वतःहून भरते आहे.

जुलै महिना. आमच्याकडे आवणीचे दिवस, म्हणजे भाताची रोपं चिखलात लावायचे. हजर 16. दोघी बहिणी लहान भावाला सांभाळायला घरी राहिल्या, आणि चौथीतला एक पोरगा बापाबरोबर रोपं वाहायला गेला होता. परिपाठ झाला. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, पाढे. उद्देशिकेतला 'सार्वभौम' हा शब्द पहिलीची पोरं इतक्या आनंदानं म्हणतात की तो कुठल्यातरी मिठाईचा प्रकार असावा असं वाटतं. पावणेअकराला आम्ही आत बसलो.

बहुवर्ग अध्यापन हा आपल्या प्रशिक्षणातला मोठा शब्द आहे. प्रत्यक्षात ते एका चुलीवर चार भांडी चढवण्यासारखं आहे. तिसरी-चौथीला उताऱ्यावरचे प्रश्न दिले. पहिलीला शब्दकार्डं मांडून दिली. आणि मी दुसरीच्या सहा जणांना घेऊन काड्यांचे गठ्ठे काढले.

इथं जरा थांबून आमच्या गणिताची एक अडचण सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण ती कधीच विसरून गेले असतील. मराठीत तेवीस म्हणताना तीन आधी येतात आणि वीस नंतर. लिहिताना दोन आधी आणि तीन नंतर. पोरगं जे ऐकतं तेच इमानदारीनं लिहितं आणि 32 करून ठेवतं. पुढे एकोणतीस येतो. त्यात 'तीस' ऐकू येतं आणि 'एकोण' म्हणजे नऊ असं मुलांनी गृहीत धरलेलं असतं. मग तीस आणि नऊ, 39. दुसरीत माझ्याकडे एक पोरगा आहे, चुणचुणीत, सगळे हिशेब तोंडी करणारा. दुकानातून साखर आणायला त्यालाच पाठवतात. पण एकोणतीस सांगितलं की महिनाभर तो पाटीवर 39 लिहीत होता. आणि एकोणचाळीसला 49.

2019 साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशा वाचनाची जोड दिली गेली, तेव्हा सगळा महाराष्ट्र भांडला होता, आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण शांतपणे समजावून सांगत होत्या, आणि लोक फडणवीसांच्या आडनावातल्या 'वीस'वरचे विनोद पुढे ढकलत होते. कबूल करते, मीही तेव्हा विरोधातच होते. मला वाटायचं, पंचेचाळीस, सत्तेचाळीस, त्रेसष्ट यांना एक चव आहे, ती का घालवायची? आता दोन्ही वापरते. आधी 'वीस नऊ' म्हणून काड्या मांडायच्या आणि मग त्या संख्येला गावाकडचं नाव द्यायचं. काहींना चालतं, काहींना नाही. या पोराला नव्हतं चालत. तो म्हणायचा, "बाई, वीस नऊ असलं तर त्याला तीस कशापायी म्हंत्यात?"

बरोबरच होतं त्याचं. मी 'तिसाला एक कमी' असं सांगत होते, तो मान हलवत होता आणि 39 लिहीत होता.

तेवढ्यात पहिलीच्या रांगेतून किंकाळी आली.

पहिलीत कातकरी वाडीवरची एक मुलगी आहे. शाळा सुरू होऊन महिना झाला तरी ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. यायची, पाटीवर रेघा मारायची, खिचडी खायची, जायची. घरी तिची भाषा वेगळी, आमची पुस्तकातली वेगळी, आणि मधला पूल बांधायला मला ती भाषा येत नाही. त्या दिवशी तिनं स्टीलच्या डब्यात एक खेकडा आणला होता आणि तो शेजारणीच्या शब्दकार्डांवर सोडला होता. ओढ्याचा, तळहाताएवढा, काळपट, नांगी गवतानं बांधलेली.

आदर्श शिक्षिकेनं अशा वेळी काय करावं, हे प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. मी आधी ओरडले. मग बघितलं तर सोळाच्या सोळा पोरं त्या खेकड्याभोवती गोल करून बसली होती. माझ्या कोणत्याही पाठाला कधी बसली नसतील अशी. म्हटलं, जाऊ दे, आता हाच पाठ.

"पाय किती?" मी विचारलं. मोजणी सुरू झाली. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार, आठ. आणि नांग्या? नांग्या दोन असतात, सगळ्यांना ठाऊक. धरून दहा. पण हिच्या खेकड्याला नांगी एकच होती. दुसरी मुळापासून तुटलेली. ती का तुटली यावर वाद झाला; एकजण म्हणाला भांडणात, एकजण म्हणाला हिनंच तोडली. तेव्हा ती मुलगी बोलली. मान खाली घालून, पण स्पष्ट. ओढ्यात दगडाखाली अडकली होती, त्यानं स्वतःच सोडून दिली, आता नवीन येईल. निम्मं तिच्या भाषेत, निम्मं आमच्या. खेकड्याला नांगी परत फुटते, हे विज्ञानाच्या पुस्तकात फार पुढे भेटतं. तिला ते सहाव्या वर्षी ओढ्यानं शिकवलेलं. मी तिला विचारलं, तुमच्या घरी याला काय म्हणतात? तिनं शब्द सांगितला. तो इथं लिहीत नाही, कारण माझ्या कानावर तो अजून नीट बसलेला नाही, आणि चुकीचा लिहिला तर ती हसेल. फळ्यावर मी मोठ्या अक्षरात 'खेकडा' लिहिलं, आणि तिनं त्यातल्या 'क'वर बोट ठेवलं. 'क' तिला माहीत होता! महिनाभर ती सगळं ऐकत होती आणि मी समजत होते की डोक्यावरून जातंय.

या गडबडीत तो दुसरीतला पोरगा एकटक खेकड्याकडे बघत होता. आणि मग म्हणाला,

"बाई, म्हंजी ह्यो एकोणदहा हाय."

पोरं हसली. मी हसले नाही. एकोणदहा असा शब्द मराठीत नाही, पण तो पोरगा ज्या दारावर महिनाभर डोकं आपटत होता ते दार त्या क्षणी उघडलं होतं. मी विचारलं, "आणि तीन खेकडे धरले आणि त्यातल्या एकाचीच नांगी तुटलेली असली, तर?" तो म्हणाला, "एकोणतीस." मी म्हटलं, लिही. त्यानं पाटीवर 29 लिहिलं. कुणी सांगितलं नाही, काड्या मोजल्या नाहीत. मग चार खेकडे, एकोणचाळीस, 39. पाच खेकडे. दुसरीचे सहाच्या सहा जण ओरडायला लागले. आणि उताऱ्यावरचे प्रश्न सोडून चौथीची एक मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकोणीस, एकोणतीस, अगदी एकोणऐंशी आणि एकोणनव्वदपर्यंत सगळे रांगेत येतात, आणि शंभराच्या दारात येऊन नव्याण्णव एकदम वेगळाच चालतो. गेली 17 वर्षं मी हे आकडे शिकवते आहे, पण हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

11 वाजून 52 मिनिटं झाली होती. वेळ अचूक सांगते, कारण ती माझ्या मोबाइलवर आहे. फोन वाजला.

शाळेतल्या शौचालयांची संख्या हवी होती. मुलांसाठी किती, मुलींसाठी किती, पैकी वापरात किती. लिंक पाठवली आहे, बारा वाजता वरिष्ठांची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक आहे, तालुक्यात तुमची एकच शाळा राहिली आहे. मुलांसाठी एक, मुलींसाठी एक, दोन्ही वापरात. ही माहिती यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीत आहे. गेल्या वर्षी होती, त्याच्या आदल्या वर्षीही होती. शौचालयं काही पावसाळ्यात अळंब्यांसारखी उगवत नाहीत. पण लिंक ती लिंक. वर्गात फोन लागतो, पण इंटरनेट मिळतं ते देवळाच्या ओट्यावर, तेही पूर्वेकडच्या कोपऱ्यात. चौथीच्या त्या मुलीला मी वर्ग बघायला सांगितला, छत्री घेतली आणि गेले. पान उघडेना, मग उघडलं, मग शाळेचा अकरा आकडी सांकेतांक चुकला, मग ओटीपी आला तो सरांच्या नंबरवर. सर तिकडे मतदार शोधत होते.

परत आले तेव्हा 12 वाजून 17 मिनिटं झाली होती. काड्यांच्या गठ्ठ्यांचं घर झालेलं होतं, रबरं एकमेकांना मारून संपली होती, खेकडा कपाटाखाली गेला होता आणि दोन पोरं पोटावर झोपून पट्टीनं त्याला डिवचत होती. ती पहिलीतली मुलगी रिकामा डबा हातात घेऊन दाराशी उभी होती. मी तिला विचारलं, काय गं? ती काही बोलली नाही. त्यानंतर त्या दिवशी बोललीच नाही.

मी पोराला म्हटलं, एकोणतीस लिही. त्यानं 39 लिहिलं.

आता मला माहीत आहे, तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल की फोन आला नसता तरी तो दुसऱ्या दिवशी विसरलाच असता. खरं आहे, विसरला असता कदाचित. शिकणं तसंच असतं. आज उजाडतं, उद्या पुन्हा ढग येतात. पण उजाडल्याबरोबर त्याच्यावर दहा-पंधरा मिनिटं काम करावं लागतं. चार उदाहरणं त्यानं स्वतः घालावी लागतात, शेजाऱ्याला समजावून सांगावं लागतं, एकदा मुद्दाम चुकवावं लागतं. ती पंधरा मिनिटं मी ओट्यावर ओटीपीची वाट बघत घालवली. आणि त्या मुलीचं म्हणाल, तर दिवाळी झाली की तिचे आईबाप वीटभट्टीवर जातील आणि ती त्यांच्याबरोबर जाईल. मी तिला शिक्षण हमी कार्ड देईन, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखवायचं कार्ड. ते कपड्यांच्या बोचक्यात जाईल आणि मे महिन्यात तसंच, न उघडता परत येईल. शिक्षण हक्काचा कायदा म्हणतो पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवा. तिच्यासाठी वर्ष दिवाळीपर्यंतच आहे. त्यातला बोलण्याचा पहिला दिवस मंगळवार होता.

दुपारचं थोडक्यात सांगते. एक वाजता खिचडी. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ, 16 हजर, म्हणजे 1 किलो 600 ग्रॅम. हे वजन सकाळीच चौथीची मुलं करतात, आणि दशांश अपूर्णांक मी त्या काट्यावरच शिकवते, 1.6 वाचताना 'एक पूर्णांक सहा' म्हणणारं पोरगं तांदळाचा डबा समोर असला की चुकत नाही. या योजनेवर लोक कितीही नाकं मुरडोत, आवणीच्या दिवसांत आई पहाटे शेतावर गेलेली असते, आणि कित्येक पोरांचं दिवसातलं पहिलं ताट ते आमच्या ओसरीवरचं असतं. जेवणाची संख्या अॅपवर भरायला 15 मिनिटं. अडीच वाजता वृक्षारोपणाचा फोटो, त्यात झाड, मूल, शिक्षक आणि शाळेचा फलक असं चौघंही दिसायला हवं. झाड जुनंच होतं. खोटं कशाला सांगू, नवीन खड्डा खणायला पाऊस थांबेना. पोरांना ओळीत उभं करून, ओलं होऊन, फोटो अस्पष्ट आला म्हणून पुन्हा काढून 40 मिनिटं गेली. नंतर एका पालकाच्या बँक पासबुकाची झेरॉक्स, 15 मिनिटं. सकाळची 25 धरून बेरीज करा. 95 मिनिटं होतात. 800 तासांना 200 दिवसांनी भागलं तर दिवसाला चार तास येतात. त्यातले दीड तास आणि वर पाच मिनिटं.

शेवटच्या तासाला मी एकेकाला जवळ घेऊन वाचायला लावते. हे मला दिवसातलं सगळ्यात आवडतं काम. तिसरीतल्या एका पोरानं 'ओढ्याला पाणी आलं' हे वाक्य 'वढ्याला पानी आलं' असं वाचलं. मागे एका साहेबांनी निपुणच्या, म्हणजे पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाच्या पडताळणीत याच पोराच्या असल्याच वाचनाला अडखळतो म्हणून खूण केली होती. साहेब, तो अडखळत नव्हता. छापलेलं वाचून, कळून, स्वतःच्या तोंडात बसवून तो ते बोलला. 'पाणी'चा उच्चार त्याला मी शिकवीन, सावकाश, प्रमाण भाषा त्याला लागणारच आहे. पण ज्याला वाचन कळतं त्याला हे वाचन येतं हेही कळायला हवं. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर'च्या सर्वेक्षणाबद्दल आमच्या लोकांना राग असतो, मलाही आहे थोडा. पण एक गोष्ट त्यांची मान्य करते. 2005 पासून ती माणसं गावागावात जाऊन मुलाशेजारी खाली बसतात आणि ते वाचतं कसं ते कानानं ऐकतात. आमच्याकडे भेटीला येणारे बहुतेक जण खुर्चीवर बसून रजिस्टर वाचतात.

आता कायद्याचं. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम 2009 चा, अंमल 1 एप्रिल 2010 पासून. कलम 27 सांगतं की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढं सोडून शिक्षकाला दुसऱ्या कुठल्याही बिगरशैक्षणिक कामाला लावू नये. निवडणुकीच्या नावाखाली मतदार यादी येते म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयानं 2007 सालीच सांगितलं आहे की ते काम सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर करून घ्या. 2024 च्या ऑगस्टमध्ये शासनानं स्वतः शिक्षकांची कामं शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वाटून यादी काढली. यादी छान आहे. तिची पीडीएफ आमच्या ग्रुपवर आली, आणि तिच्याखालीच, त्याच दिवशी, एक नवीन लिंक आली.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. म्हणून मी कायदा दाखवून भांडायला बसलेले नाही. आमचे केंद्रप्रमुख वाईट माणूस नाहीत, उलट पूर्वी उत्तम शिक्षक होते. त्यांना तालुक्याचा फोन येतो, तालुक्याला जिल्ह्याचा, जिल्ह्याला पुण्याचा, आणि पुण्याला मुंबईचा. ज्यानं पहिल्यांदा 'जरा शौचालयांचा आकडा घ्या' म्हटलं असेल त्याला कल्पनाही नसेल की ते वाक्य घाट चढून देवळाच्या ओट्यापर्यंत येतं. आणि आमच्याही लोकांबद्दल खरं बोलायचं तर, काही जणांना हे फोन सोयीचे झाले आहेत. 'माहिती भरत होतो' म्हटलं की वर्गात का नव्हता असं कुणी विचारत नाही. पावसाच्या दिवशी, चार इयत्तांचा गोंगाट डोक्यात जायला लागला की फोन वाजावा असं मलाही कधी कधी वाटलेलं आहे. म्हणूनच ही सवय तोडायची तर ती दोन्ही बाजूंनी तोडावी लागेल.

माझं मागणं लहान आहे. शाळेचा परिपाठ संपल्यापासून खिचडीच्या सुट्टीपर्यंत, म्हणजे पावणेअकरा ते एक, राज्यातल्या कुठल्याही प्राथमिक शाळेच्या शिक्षकाला फोन करू नका. लिंक पाठवू नका, पाठवलीच तर मुदत दुसऱ्या दिवसाची द्या. त्या सव्वादोन तासांत फोटो मागू नका, सभा लावू नका, सरांना-बाईंना कुठे बोलावू नका. दरड कोसळली, पूर आला, मूल आजारी पडलं, तर अर्थात करा. एवढ्यासाठी नवा पैसा लागत नाही. नवं अॅप लागत नाही. कृपा करून या सव्वादोन तासांचं पालन होतं का हे तपासायला एखादं अॅप काढू नका. दुपारी खिचडीनंतर मी तुमची सगळी माहिती भरीन, शौचालयांसकट.

आणि छोट्या शाळांचं गाठोडं बांधायचं चाललं आहे म्हणून एक शब्द. 2023 मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचा विचार सुरू झाला, तेव्हापासून आमच्या गावात दर वर्षी तीच कुजबुज असते: बाई, शाळा राहणार ना? आमचा पट 19 आहे. मोठ्या शाळेत सोयी असतात, चार इयत्तांना चार शिक्षक असतात, हे मला दिसतं. चार भांडी एका चुलीवर चढवणाऱ्या बाईला ते तुमच्यापेक्षा जास्त दिसतं. पण ती पहिलीतली मुलगी गाडीत बसून दहा किलोमीटर लांबच्या शाळेत खेकडा घेऊन जाईल का, आणि नेला तर तिथं तो डब्याबाहेर निघेल का, याचा विचार फाइलवर कुठेतरी झाला आहे का, एवढंच विचारते. कोसबाडच्या टेकड्यांवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढल्या होत्या. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणात नेली. आम्ही उलटं चाललो आहोत.

तुम्ही यावं अशी माझी इच्छा आहे. तपासणीला नाही. रजिस्टरं मी कपाटात ठेवीन, कुलूप लावीन. पावणेअकराच्या आत या, चपला बाहेर काढा आणि दुसरीच्या रांगेत खाली बसा. कोपऱ्यात नको, तिथं गळतं. डबा आणू नका, आमच्या ताई खिचडीत वरून थोडं ओलं खोबरं घालतात, ते रजिस्टरला नसतं. फोन ओट्यावर ठेवून या. नाहीतरी वर्गात त्याला इंटरनेट मिळत नाही.

खेकडा दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटाखालून स्वतःच बाहेर आला. मुलीनं त्याला डब्यात घालून ओढ्यावर नेऊन सोडलं, पोरं सगळी मागोमाग. पहिला तास त्यातच गेला, तो माझ्याकडून वजा करा.

आणि एक काम आहे. माहिती मागवायची तुम्हाला सवय आहे, तर यावेळी मी मागवते. नव्याण्णवला एकोणशंभर का म्हणत नाहीत, हे तुमच्या कार्यालयात कुणाला माहीत असेल तर कळवावं. चौथीची ती मुलगी रोज विचारते आहे. दुपारी एकनंतर फोन केला तरी चालेल.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
द्विशिक्षकी शाळा (सध्या एकशिक्षकी)